कृषिप्रदर्शनाचे धुरीण : डॉ. पंजाबराव देशमुख

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यात एकोडी नावाचे गाव आहे. हा सारा मुलूख धानाचा. जिकडे पाहावे तिकडे लहान-मोठ्या बांध्या, त्यांचे धुरे आणि मध्ये मध्ये पाण्याने भरलेले तलाव. भंडाऱ्यास तलावांचा जिल्हा म्हणतात ते उगीच नव्हे. जमिनीचा उतार पाहून, पाळ घालून पाणी कोठे अडवावे आणि ते बांध्यांपर्यंत कसे खेळवावे, ही विद्या येथील कोहळी समाजाने कित्येक पिढ्यांपूर्वी हस्तगत केली होती. ती कोणत्याही ग्रंथात लिहिलेली नव्हती. ती बापाकडून मुलाकडे, एका शेतावरून दुसऱ्या शेतावर अशीच आली.

मृगाचा पाऊस पडला की पऱ्हे टाकायचे. ते हाताएवढे झाले की बांधीत चिखलणी करून रोवणी करायची. मग निंदणी, राखण, आणि दिवाळीच्या मागेपुढे हलक्या धानाची कापणी. पीक घरात येऊ लागले की झाडीपट्टीतील गावोगावी मंडई भरते. दंडार होते, नाटके होतात, पाहुणे येतात. हिवाळ्यात शंकरपट होतो. पटाच्या दाणीवर धावणारी बैलजोडी पाहावयास दहा गावांची माणसे जमतात. जोडी जिंकली किंवा हरली तरी जाणत्या शेतकऱ्याचे डोळे बैलाचे खांदे, खूर आणि कातडी यांवर फिरत असतात. हा गोऱ्हा कोठला, त्यास चारा काय घालता, असे प्रश्न विचारले जातात, आणि घरी परतणारा माणूस करमणुकीबरोबर थोडी माहितीही घेऊन परततो.

कृषिप्रदर्शन म्हणजे याच जुन्या सवयीस दिलेले शिस्तबद्ध रूप होय. एकाने पिकवलेले दुसऱ्याने पाहावे, दोहोंची तुलना व्हावी, जाणकारांनी निवाडा करावा आणि ज्याचे उत्तम त्याचा सर्वांसमक्ष गौरव व्हावा, एवढेच त्याचे तत्त्व आहे. युरोपात या कामासाठी शेतकऱ्यांच्या व जमीनदारांच्या संस्था अठराव्या शतकातच निघाल्या. स्कॉटलंडमधील हायलँड सोसायटी ही संस्था 1784 मध्ये एडिंबरो येथे स्थापन झाली आणि 1822 मध्ये तिने आपले पहिले प्रदर्शन भरविले. आपल्याकडे नागपुरास 1865 मध्ये मोठे प्रदर्शन भरले होते. परंतु ते सरकारने भरविलेले, आणि शेतकरी तेथे बहुधा प्रेक्षक होता. महात्मा जोतीराव फुले यांनी 1883 मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात, शेतकऱ्यांच्या पिकांची व औत हाकण्याच्या कौशल्याची परीक्षा घेऊन त्यांस बक्षिसे द्यावीत, अशी सूचना केली होती. शेतकऱ्यासही विद्या आहे आणि तिचा सन्मान झाला पाहिजे, हा त्या सूचनेतील आशय. तो प्रत्यक्षात आणण्यासाठी शेतकऱ्यांचीच संस्था काढणारा आणि तिच्या वतीने साऱ्या जगाचे कृषिप्रदर्शन भरविणारा पुरुष पुढे विदर्भातच निपजला. त्यांचे नाव डॉ. पंजाबराव शामराव देशमुख.

पंजाबरावांचा जन्म 27 डिसेंबर 1898 रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. त्यांच्या आईचे नाव राधाबाई. गावात शिक्षणाची सोय जेमतेम असल्यामुळे त्यांस चांदूर रेल्वे, कारंजा, अमरावती अशी गावे बदलीत शिकावे लागले. पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. परंतु मनाने विलायतेचा ध्यास घेतला होता. वडिलांजवळ रोकड नव्हती, जमीन होती. मुलाच्या शिक्षणासाठी शामरावांनी ती गहाण टाकली. शेतकरी आपली जमीन सुखासुखी गहाण टाकीत नाही. धान्य, बैल, दागिना हे सर्व गेल्यावर शेवटी जमिनीची पाळी येते. त्या जमिनीच्या बळावर 1920 मध्ये पंजाबराव इंग्लंडला गेले.

एडिंबरो येथे त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला व शिष्यवृत्ती मिळविली. ऑक्सफर्ड येथे वेदवाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेट संपादन केली. त्याबरोबरच ते बॅरिस्टरही झाले. 1926 मध्ये ते परत आले तेव्हा, एवढी विद्या मिळविलेला हा माणूस आता वकिलीत पैसा करील, असे कोणासही वाटले असते. त्यांनी वकिली सुरू केली खरी, परंतु तीत त्यांचे मन रमले नाही. 1927 मध्ये त्यांनी विमलाबाई वैद्य यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. त्याच वर्षी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय उघडले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत व एकत्र जेवत. त्या मुलांच्या जेवणाखाण्याची व आजारपणाची काळजी विमलाबाई वाहत. त्याच सुमारास, अमरावतीच्या अंबादेवीचे मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांस खुले व्हावे म्हणून जी चळवळ झाली, तिच्यातही पंजाबराव पुढे होते. 1928 मध्ये ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. त्यांच्या कारकिर्दीत सार्वजनिक विहिरी सर्वांस मोकळ्या झाल्या आणि शाळांसाठी कर वाढविण्यात आला. कर वाढविणारा पुढारी लोकांस प्रिय होत नसतो. परंतु शिक्षण नसलेला शेतकरी सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे हेही वाचू शकत नाही, ही गोष्ट त्यांस पक्की ठाऊक होती.

1930 मध्ये ते मध्यप्रांत व वऱ्हाडच्या सरकारात मंत्री झाले. शिक्षण, शेती व सहकार ही खाती त्यांच्याकडे होती. भंडारा जिल्हा त्या वेळी मध्यप्रांतातच असल्यामुळे एकोडीच्या शेतकऱ्यांचे कृषिखातेही वऱ्हाडातील या शेतकरीपुत्राच्या हाती आले. तो काळ जगभर मंदीचा होता. कापूस, धान, जवस साऱ्यांचे भाव कोसळले होते, आणि कर्जाचा आकडा मात्र कमी होत नव्हता. ऋणकोचा व सावकाराचा समेट घडवून आणणारा कर्ज लवाद कायदा 1933 मध्ये या प्रांतात झाला. त्यामागे पंजाबरावांची खटपट होती. ज्याच्या बापाने मुलाच्या शिक्षणासाठी जमीन गहाण टाकली, त्याला कर्जाचा अर्थ पुस्तकातून शिकावा लागला नसेल. याच काळात अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्थेची स्थापना झाली. तिच्या शाळा व महाविद्यालये पुढे विदर्भभर पसरली. पुढे पंजाबराव घटना समितीचे सभासद होते, आणि 1952 ते 1962 या दहा वर्षांत केंद्र सरकारात मंत्री म्हणून त्यांनी शेतीचे काम पाहिले.

दिल्लीस गेल्यावर त्यांनी हाती घेतलेले एक काम धान पिकविणाऱ्या प्रदेशाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. देशात अन्नाचा तुटवडा होता. परदेशातून धान्य आणावे लागे. जपानमध्ये मात्र तेवढ्याच जमिनीत आपल्यापेक्षा कितीतरी अधिक भात पिकत असे. मुंबईजवळ बोरिवली येथील कोरा ग्रामोद्योग केंद्रात जपानी पद्धतीने भात लावण्याचा प्रयोग झाला होता. 1953 मध्ये या पद्धतीचा देशभर प्रसार करण्याची मोहीम सुरू झाली, आणि पंजाबरावांनी तिचा मोठ्या उत्साहाने पुरस्कार केला.

ही पद्धत म्हणजे काही जादू नव्हे. तिच्या प्रत्येक पायरीमागे सरळ कारण आहे. प्रथम बी मिठाच्या पाण्यात टाकावयाचे. मीठ विरघळल्याने पाणी जड होते. त्यामुळे पोचट व अर्धवट भरलेले दाणे वर तरंगतात आणि टपोरे दाणे तळाशी बसतात. तरंगणारे काढून टाकावयाचे, आणि तळचे बी स्वच्छ पाण्याने धुऊन पेरणीस घ्यावयाचे. पऱ्हे सपाट जागी न टाकता उंच वाफ्यांवर टाकावयाचे, म्हणजे जास्तीचे पाणी निघून जाते, मुळ्या कुजत नाहीत व रोप सशक्त होते. वाफ्यात बी पातळ पेरावयाचे. दाट पेरल्यास रोपे एकमेकांच्या तोंडचा घास काढतात. रोवणी करताना दोर धरून सरळ ओळीत, सुमारे दहा-दहा इंचांवर, आणि एका ठिकाणी मूठभर नव्हे तर मोजकीच रोपे लावावयाची. जागा मोकळी मिळाल्यामुळे रोपास फुटवे अधिक येतात. ओळी सरळ असल्यामुळे त्यांच्यामधून हातकोळपे फिरविता येते. तण मरते आणि चिखल ढवळला जाऊन मुळांस हवा मिळते. या सर्वांच्या जोडीस कंपोस्ट व वरखत भरपूर द्यावयाचे.

कागदावर हे वाचणाऱ्यास पटेल. परंतु ज्या बाईने बालपणापासून चिखलात पाय रोवून, झपाझप मागे सरत रोवणी केली आहे, तिला ‘दोर धरून लाव’ असे सांगितले तर ती प्रथम हसेल. तिच्या सवयीच्या हातास दोर हा अडथळा वाटेल, आणि दिवसाकाठी होणारे कामही कमी होईल. मालकास वाटेल, एवढे विरळ धान लावून बांधी उघडी पडली तर खायचे काय? सरकारी माणसाने सभेत भाषण केल्याने ही शंका फिटत नाही. ती एकाच प्रकारे फिटते. गावातल्याच एखाद्या शेतकऱ्याने अर्धी बांधी जुन्या रीतीने आणि अर्धी नव्या रीतीने लावावी, आणि कापणीच्या दिवशी दोन्हींचे धान सर्वांसमक्ष मोजावे. शेतातील असे प्रात्यक्षिक हेही एक प्रदर्शनच, मांडव नसलेले. त्या काळी सरकारने पीकस्पर्धाही सुरू केल्या होत्या. त्यांत ठरावीक क्षेत्र मोजून, पंचांसमोर पीक कापून व वजन करून निकाल लावीत, आणि देशात सर्वाधिक उत्पन्न काढणाऱ्यास ‘कृषिपंडित’ ही पदवी देत. पंडित हा शब्द पोथी वाचणाऱ्यासाठीच राखून ठेवलेल्या देशात नांगर धरणाऱ्या माणसास ती पदवी मिळावी, यात फुल्यांच्या जुन्या सूचनेचा प्रतिध्वनी ऐकू येतो.

जपानी पद्धत जशीच्या तशी सर्वत्र टिकली असे मात्र म्हणता येणार नाही. तीस मजूर अधिक लागत, खत विकत घ्यावे लागे, आणि पाणी हवे तेव्हा देता व काढता येणे आवश्यक असे. ज्याची बांधी केवळ पावसाच्या भरवशावर होती, त्याने दहा इंचांचे अंतर राखले तरी पाऊस त्याचे ऐकत नव्हता. तरीही बी निवडून घेणे, पऱ्ह्यांची निगा राखणे, ओळीने लावणे या गोष्टी कृषिखात्याच्या शिकवणुकीत कायम राहिल्या, आणि पुढील काळात निरनिराळ्या नावांनी पुन्हा पुन्हा शेतकऱ्यांपुढे आल्या.

मंत्रिपदावर असतानाच पंजाबरावांच्या लक्षात एक उणीव आली होती. गिरणीमालकांची संघटना होती, व्यापाऱ्यांची होती, कामगारांचीही होती. परंतु देशात सर्वांहून संख्येने अधिक असलेल्या शेतकऱ्यांची, पक्षभेदापलीकडे असलेली, सर्व प्रांतांस एकत्र आणणारी संस्था नव्हती. पंजाबचा गहू पिकविणारा, बंगालचा ताग पिकविणारा, वऱ्हाडचा कापूस पिकविणारा आणि भंडाऱ्याचा धान पिकविणारा यांची एकमेकांशी गाठ पडण्याचे ठिकाणच नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी 3 एप्रिल 1955 रोजी त्यांनी दिल्लीत भारत कृषक समाजाची स्थापना केली. शेतकऱ्यांच्या अडचणी सरकारपुढे मांडणे, त्यांस नव्या ज्ञानाची ओळख करून देणे आणि निरनिराळ्या प्रांतांतील शेतकऱ्यांस एकत्र बसविणे, हे या संस्थेचे काम. अध्यक्षपदाची धुरा खुद्द पंजाबरावांनी उचलली. मंत्र्यानेच शेतकऱ्यांच्या संघटनेचे पुढारपण करणे ही गोष्ट थोडी चमत्कारिक होती यात शंका नाही. कारण गाऱ्हाणे मांडणारा आणि गाऱ्हाणे ऐकणारा एकच झाला तर निवाडा कोणी करावयाचा? परंतु मंत्रिपद हा आपला मुक्काम असून शेतकऱ्यांची चळवळ हे आपले घर आहे, अशीच त्यांची वृत्ती त्यांच्या सर्व आयुष्यात दिसते.

या समाजाच्या वतीने दिल्लीत जे जागतिक कृषिप्रदर्शन भरले, तो पंजाबरावांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा संकल्प होता. 11 डिसेंबर 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहोवर त्या वेळी भारताच्या भेटीवर आले होते. तेही या समारंभास उपस्थित राहिले, आणि आपल्या देशाच्या दालनाचे त्यांनी उद्घाटन केले. सोनेरी घुमटांच्या त्या दालनाचा आराखडा मिनोरू यामासाकी या प्रसिद्ध वास्तुशिल्पज्ञाने तयार केला होता. सोव्हिएत रशियानेही आपले दालन उभारले होते. अमेरिका व रशिया ही राष्ट्रे त्या काळी एकमेकांकडे संशयाने पाहत. दोघांजवळही अण्वस्त्रे होती. अशा दोन राष्ट्रांनी एकाच मैदानावर आपले नांगर, आपली यंत्रे आणि आपली धान्ये मांडावीत, ही घटना लहान नव्हती. हे प्रदर्शन 1960 च्या फेब्रुवारीपर्यंत चालले. राजे, सेनापती आणि कारखानदार यांच्यासाठी ज्या राजधानीत मंडप सजत आले होते, तेथे या वेळी मंडप सजला तो शेतीसाठी.

या प्रदर्शनाचा हिशेब कसा मांडावा? एकोडीसारख्या खेड्यातील लहान शेतकऱ्यास दिल्लीची वाट लांब होती, आणि जो तेथे पोचला असेल त्याच्या डोळ्यांपुढून सरकलेली प्रचंड यंत्रे त्याच्या बांधीत वळविताही आली नसती. एवढ्याशा धुऱ्यांच्या मध्ये बैलजोडी वळते, ट्रॅक्टर अडतो. यंत्र पाहून थक्क होणे आणि ते आपल्या उपयोगाचे आहे की नाही हे ठरविणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. प्रदर्शनात पहिली गोष्ट सहज घडते, दुसरीसाठी सोबतीस जाणता माणूस लागतो. तेव्हा दिल्लीच्या मेळाव्याने धानाचे उत्पन्न वाढले असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. परंतु त्याचा दुसरा परिणाम नाकारता येत नाही. ज्या धंद्यास गावंढळ म्हणून हिणविले जाई, त्या धंद्याच्या नावाने दोन राष्ट्राध्यक्ष एका व्यासपीठावर आले, आणि यजमानपण मिरविले ते शेतकऱ्यांच्या संस्थेने. पापळच्या गहाण जमिनीपासून या व्यासपीठापर्यंतचे अंतर मोजावयाचे झाल्यास ते मैलांनी मोजता येणार नाही.

1962 नंतर पंजाबराव मंत्रिमंडळात नव्हते. परंतु लोकसभेत अमरावतीचे प्रतिनिधी म्हणून आणि भारत कृषक समाजाचे अध्यक्ष म्हणून त्यांचे काम चालूच राहिले. 10 एप्रिल 1965 रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. विमलाबाई पुढे राज्यसभेच्या सभासद झाल्या.

विदर्भासाठी स्वतंत्र कृषिविद्यापीठ 20 ऑक्टोबर 1969 रोजी अकोल्यास स्थापन झाले, त्यास पंजाबरावांचेच नाव देण्यात आले. 27 डिसेंबर या त्यांच्या जन्मदिवसाच्या सुमारास तेथे कृषिप्रदर्शन भरविण्याचा प्रघात पडला आहे. नवीन वाण, अवजारे, रोगांची चित्रे पाहावयास शेतकरी येतात, आणि विद्यापीठाच्या शेतांतून त्यांस शिवारफेरीस नेण्यात येते. उभे पीक मुळासकट पाहता आले तरच शेतकऱ्याचे समाधान होते. टेबलावर मांडलेल्या कणसावर त्याचा पुरता विश्वास बसत नाही, आणि तो बसू नये हेच योग्य.

याच विद्यापीठाचे एक संशोधन केंद्र साकोलीस आहे. तेथे धानाच्या जातींवर काम चालते, आणि त्या गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाती तेथून बाहेर पडल्या आहेत. एकोडीच्या शेतकऱ्यास आता नवे धान पाहण्यासाठी दिल्लीस जावे लागत नाही, अकोल्यासही नाही. लोंबी भरण्याच्या दिवसांत तो तालुक्याच्या गावी बाजारास गेला तर वाटेत केंद्राच्या बांध्यांपाशी थांबू शकतो. धुऱ्यावर उभा राहून तो लोंबी हातात घेतो, दाणे मोजतो, एक दाणा दाताखाली धरून पाहतो, आणि मग विचारतो, ‘‘हे किती दिवसांत निसवते?’’